लाखाच्या पुढे: टूरिंगच्या गाडीबद्दल वाचकांचे प्रश्न

टूरिंगच्या मोटरसायकलींबद्दल नाशिक आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी काही या अंकात घेतली आहेत. ज्यांनी मॉडेल, साल आणि रनिंग लिहिलं त्यांना नेमकं उत्तर देता आलं. ‘इंजिनातून आवाज येतो’ एवढंच लिहिणाऱ्या वाचकांना विनंती: आवाज थंड इंजिनाला येतो की तापल्यावर, रेस दिल्यावर वाढतो की जातो, उभ्या गाडीत येतो की चालतानाच, हे कळवा. निम्मं निदान त्यातच असतं.

प्रश्न: माझी क्लासिक ३५०, २०१४ चं मॉडेल, रनिंग ७८,००० किमी. महिन्यातून एकदा मुंबई आणि वर्षातून एक मोठी टूर होते. सकाळी गाडी सुरू केली की निळसर धूर येतो, मिनिटभरात जातो. गॅरेजमध्ये सांगतात, बोअर-पिस्टन गेलं, हाफ इंजिन करून टाका. गाडी दीड लाखापर्यंत न्यायची इच्छा आहे. आत्ताच काम काढू का? (वाचक, सातपूर)

उत्तर: आत्ता उघडू नका. तुम्ही लिहिलेलं लक्षण बोअरचं (सिलिंडरच्या आतल्या भिंतीचं) नाही, त्यामुळे हाफ इंजिनची, म्हणजे इंजिनाचा वरचा अर्धा भाग उघडून करायच्या कामाची, घाई नको. गाडी रात्रभर उभी असताना हेडमधलं तेल व्हॉल्व्हच्या दांडीवरून झिरपत खाली उतरतं, सकाळी ते जळतं आणि संपलं की धूरही थांबतो. हा व्हॉल्व्ह स्टेम सीलचा (व्हॉल्व्हच्या दांडीवरच्या रबरी सीलचा) दोष आहे. पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर धूर वेगळ्या वेळी दिसतो. इंजिन तापलेलं असतं, कसारा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये रेस उघडलेली असते आणि मागून येणाऱ्याला निळी रेघ दिसत राहते. घाट उतरताना रेस बंद होती आणि खाली पोचून पुन्हा रेस दिल्यावर एकच भपकारा आला, तर सील किंवा गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी). थंडीच्या दिवसांत सकाळी निघणारी पांढरी वाफ यात धरू नका. ती नुसतं पाणी असते, तिला जळक्या तेलाचा वास येत नाही.

आता तेलाचा हिशोब मांडा. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावा, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि उजव्या बाजूच्या काचेत पातळी बघा. साइड स्टँडवर बघितलेली पातळी खोटी असते. वरच्या खुणेपर्यंत तेल भरा, ५०० किमी चालवा आणि पुन्हा त्याच खुणेपर्यंत यायला किती मिलि लागलं ते मापाने मोजून वहीत लिहा. आमच्या अनुभवाचा आकडा असा: एवढ्या रनिंगच्या एअर-कूल्ड इंजिनाने १,००० किमीला २०० मिलिपर्यंत तेल खाल्लं तर भरत राहावं आणि निर्धास्त चालवावं. ४०० च्या वर गेलं की काम काढावं. मधल्या पट्ट्यात असाल तर दर पेट्रोलला पातळी बघायची सवय लावा. जुनी इंजिनं धुराने मरत नाहीत, धुराकडे बघत बसून पातळी न बघितल्याने मरतात. तेल बरंच कमी असलेलं इंजिन महामार्गावर तासभर ताणलं की क्रँकचं बेअरिंग जातं, आणि ते काम हाफ इंजिनाच्या कितीतरी पुढचं आहे.

एक गोष्ट याच्या उलटही तपासा. एअर फिल्टरचा डबा उघडून बघा. आत तेल साचलेलं दिसलं तर भरणा जास्त झाला आहे. या इंजिनात तेल काढल्यावरही बरंच आत राहतं, त्यामुळे कोरड्या इंजिनाचा पूर्ण भरणा ओतला की जादाचं तेल ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) फिल्टरच्या डब्यात आणि तिथून सिलिंडरमध्ये जातं. मग चांगलं बोअरही धूर सोडतं. साधारण २ लिटर ओतायचं, इंजिन चालवून थांबायचं आणि पुढचं काचेत बघत थोडं थोडं.

त्यानंतरही शंका उरली तर कॉम्प्रेशन तपासून घ्या. इंजिन तापलेलं हवं. प्लग काढून टोपीत बसवा आणि बॉडीला टेकवून ठेवा, म्हणजे कॉइलला धोका नाही. प्लगच्या भोकात गेज घट्ट बसवा, रेस पूर्ण उघडी धरा आणि काटा थांबेपर्यंत सहा-आठ किका मारा. आकडा लिहा. मग चमचाभर इंजिन ऑइल प्लगच्या भोकातून सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर गळती रिंगांतून आहे, कारण तेलाने ती फट तात्पुरती बुजली. जिथल्या तिथे राहिला तर व्हॉल्व्ह. किक हलकी व्हावी म्हणून या इंजिनात ऑटो डीकॉम्प्रेसर (किक मारताना दाब थोडा सोडून देणारी यंत्रणा) असतो, त्यामुळे पहिला आकडा कमीच दिसतो. तो दाखवून कोणी ‘बघा, कॉम्प्रेशन नाही’ म्हणालं तर मान्य करू नका. दोन आकड्यांतला फरक महत्त्वाचा.

याहून भरवशाची चाचणी हवेची. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचा ब्रेक दाबून धरा आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनलेट, तेल भरायच्या तोंडातून किंवा ब्रीदरमधून आली तर रिंगा. कान लावून कळतं, उघडायची गरज नाही.

फक्त सील निघाले तर काम हेडपुरतं आहे: व्हॉल्व्ह काढून लॅपिंग (सीटवर घासून घट्ट बसवणं), दोन्ही स्टेम सील नवे, हेड गॅस्केट नवी. हेड उचलताना बॅरल जागची हलू देऊ नये, हलली तर बेस गॅस्केटही बदलावी. नाहीतर महिन्याभरात खालून तेल पाझरतं.

आणि बोअर खरंच करावं लागलं तर क्रम लक्षात ठेवा: आधी पिस्टन, मग बोअर. ०.२५ किंवा ०.५० मिमी ओव्हरसाइज (मूळ मापाहून मोठा) पिस्टन आणून सातपूर-अंबडच्या मशीन शॉपमध्ये बॅरलसोबत द्या. त्या पिस्टनचं माप घेऊन, मॅन्युअलमधली क्लिअरन्स (फट) सोडून बोअर झालं पाहिजे. आधी बोअर गेजने वर, मधे, खाली आणि दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजायला सांगा. झीज वरच्या रिंगच्या फेऱ्याजवळ सर्वात जास्त असते, नुसतं मधे मोजून काही कळत नाही. होनिंगनंतर (बोअर आतून दगडाने घासल्यावर) तिरक्या जाळीच्या रेघा दिसल्या पाहिजेत.

इथे बहुतेक ठिकाणी एक चूक होते. होनिंगची भुकटी पेट्रोलने निघत नाही. बॅरल गरम पाणी, साबण आणि ब्रश घेऊन धुवा, पांढरं फडकं आतून फिरवा. फडक्यावर करडा डाग येतोय तोवर धुणं संपलेलं नाही. कोरडं झालं की लगेच तेलाचा हात द्या, पाच मिनिटांत गंज धरतो. ही अर्ध्या तासाची मेहनत टाळली की नव्या रिंगा ती भुकटी घासत बसतात आणि २०,००० किमीत गाडी पुन्हा धुरावर येते. दोष मात्र पिस्टनच्या कंपनीला दिला जातो.

ता. क. बॅरल, हेड, पिस्टन खुशाल बदला. इंजिन नंबर क्रँककेसवर असतो. क्रँककेस बदलायची वेळ आली तर आरटीओत नोंद करावी लागते, नाहीतर १५ वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी अडते.

प्रश्न: माझीही २०१२ ची क्लासिक आहे. टॅपेटचा आवाज येतो. दोन गॅरेजमध्ये ‘टॅपेट सेट केले’ म्हणून पैसे घेतले, आवाज तसाच. (वाचक, निफाड)

उत्तर: या इंजिनात टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) हायड्रॉलिक आहेत, हाताने सेट करायला तिथे काही नाही. तेलाच्या दाबाने ते स्वतःच फट भरून काढतात. निफाडच्या थंडीत सकाळी पहिली काही सेकंद टकटक झाली आणि थांबली तर ती चालते. तापल्यावरही राहिली तर पातळी, तेलाचा दर्जा आणि तेलाचा फिल्टर याच क्रमाने बघा. तेल बदलून दोनशे-तीनशे किमी चालवूनही फरक पडला नाही तर टॅपेट अडकला आहे, तो बदलायचा असतो.

ज्या गाड्यांत फिलर गेजने टॅपेट सेट होतात त्यांच्यासाठी: हे काम इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी. माप मॅन्युअलमधलंच. आवाज येऊ नये म्हणून घट्ट करून घेण्याचा मोह फार जणांना होतो. ढिला टॅपेट नुसता वाजतो, घट्ट टॅपेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हला सीटवर पूर्ण बसू देत नाही. व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटमधूनच सोडतो, बसला नाही की काठ जळतो. तापलेली गाडी टोलनाक्यावर बंद केली आणि पुन्हा सुरू व्हायला त्रास देऊ लागली, तर आधी टॅपेट तपासा.

प्रश्न: कारचं महागडं सिंथेटिक ऑइल मोटरसायकलला घातलं तर इंजिन जास्त चालेल ना? आणि तेल हजार किमीतच काळं होतं, बदलावं का? (वाचक, इंदिरानगर)

उत्तर: घालू नका. मोटरसायकलचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. इंधन वाचवणाऱ्या कारच्या तेलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात, ती क्लच प्लेटवर बसली की चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे जात नाही. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (तेलात बुडालेल्या क्लचसाठीचा दर्जा) लिहिलेलं हवं आणि ग्रेड कंपनीने सांगितलेली. काळं होणं हे तेल काम करतंय याची खूण आहे, काजळी ते स्वतःत धरून ठेवतं. घाबरायचं ते दुधाळ रंगाला (आत पाणी) आणि पेट्रोलच्या वासाला (कार्बोरेटरची सुई गळते). मिनरल तेल ३,००० किमीला, सिंथेटिक साधारण ५,००० ला, किंवा मॅन्युअल म्हणेल तसं. फक्त द्वारका ते कॉलेज रोड अशा छोट्या फेऱ्या होत असतील तर आणखी लवकर, कारण तेल पूर्ण तापतच नाही.

तेलावर जेवढा खल होतो त्याच्या निम्मा एअर फिल्टरवर व्हावा असं आम्हाला मनापासून वाटतं. बोअर धुळीने झिजतं. फिल्टर काढल्यावर डब्याच्या स्वच्छ बाजूला, म्हणजे कार्बोरेटरकडच्या रबरात, बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर फिल्टर कितीही नवा असो, हवा कुठून तरी चोरून जाते आहे: रबरला चीर, क्लॅम्प ढिला किंवा फिल्टरची कड नीट बसलेली नाही.

प्रश्न: २२० सीसीची गाडी आहे, पेठ-सुरगाण्याकडे कामानिमित्त सतत जाणं. चेन सेट १२,००० किमीत संपतो. दर आठवड्याला घट्ट करून घेतो तरी. (वाचक, पेठ रोड)

उत्तर: ‘तरी’ नाही, बहुधा त्यामुळेच. गाडीवर तुम्ही बसलात की मागचं चाक वर सरकतं आणि चेन ताणली जाते. रिकाम्या गाडीला चेन घट्ट केली तर प्रत्येक खड्ड्यात ती तारेसारखी ओढली जाते. चेनबरोबर पुढच्या स्प्रॉकेटमागचं बेअरिंग आणि ऑइल सीलही जातं. स्विंग आर्मवर ढिलाईचं स्टिकर असतं, बऱ्याच गाड्यांना ते २५ ते ३० मिमी. चाक हाताने फिरवत चार-पाच ठिकाणी ढील मोजा. जिथे चेन सर्वात घट्ट असेल तिथे हे माप धरा. घट्ट आणि ढिल्या जागेत १० मिमीहून जास्त फरक असेल तर चेन विषम ताणली आहे आणि आता घट्ट करून काही साधत नाही.

संपली का, हे पट्टीने कळतं. लिंकवर नंबर असतो. ५२०, ५२५, ५३० असेल तर एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंत १५.८७५ मिमी, ४२८ असेल तर १२.७ मिमी. चेन ताणून धरा आणि २१ पिना मोजा, पहिलीच्या मध्यापासून एकविसावीच्या मध्यापर्यंत. नवी असताना हे अंतर ३१७.५ मिमी येतं (४२८ ला २५४). ३२१ आलं की नवा सेट बघून ठेवा, ३२३ ला बदला. ४२८ ला हेच आकडे २५७ आणि २५८. सेट पूर्ण बदला. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन टाकली तर वाकलेले दाते तिला काही हजार किमीतच जुनी करतात.

तुमच्या भागातल्या पावसाला आणि लाल चिखलाला धुण्याची पद्धत सांभाळा. रॉकेल आणि मऊ ब्रश. पेट्रोल नको, तारेचा ब्रश अजिबात नको, दोन्ही ओ-रिंगा (चेनच्या लिंकमधल्या रबरी कड्या) खातात, आणि ओ-रिंग गेली की आतलं कंपनीचं ग्रीस धुऊन जातं. ते ग्रीस बाहेरून पुन्हा भरता येत नाही. पुसून कोरडी करा, खालच्या फेरीवर आतल्या बाजूने ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन स्प्रे हलका द्या आणि शक्यतो रात्रभर तसंच ठेवा. सकाळी जादाचं पुसून घ्या, नाहीतर धूळ धरून वाळूचा कागद तयार होतो. उन्हाळ्यात दर ५०० किमीला, पावसात ३०० ला. हे सगळं चाक हाताने फिरवून करायचं. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चेन पुसताना बोटं जातात, हे दरवर्षी कुठे ना कुठे घडतं.

चाक सरकवताना आर्मवरच्या रेघांवर विसंबू नका, पिव्हट बोल्टपासून एक्सलपर्यंत दोन्ही बाजूंना मोजा. आणि चाक काढलंच आहे तर हब रबर (मागच्या चाकाच्या हबमधले झटका शोषणारे रबर) हातात घेऊन बघा. चेपलेले रबर प्रत्येक गिअरला चेनला झटका देतात. आमच्या मते कमी चालणाऱ्या चेनचं हे सर्वात दुर्लक्षित कारण आहे.

प्रश्न: कसारा घाट उतरताना पुढच्या ब्रेकचा लिव्हर स्पंजासारखा होतो, खाली पोचल्यावर थोड्या वेळाने ठीक. पॅड नवे आहेत. (वाचक, घोटी)

उत्तर: ब्रेक फ्लुइडने पाणी ओढलं आहे. डॉट ४ दर्जाच्या फ्लुइडचा उकळबिंदू ताजं असताना किमान २३० अंश, पाणी मुरल्यावर १५५ च्या आसपास. कॅलिपर तापला की वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर ते बुडबुडे दाबतो, पॅड नाही. दर दोन वर्षांनी फ्लुइड बदला, इगतपुरीच्या पावसात राहणाऱ्या गाडीला वेळ चुकवू नका. नव्याने फोडलेल्या बाटलीतलंच वापरा. ब्लीड करताना (नळीतलं जुनं फ्लुइड आणि हवा काढताना) वरची टाकी रिकामी होऊ देऊ नका, आणि रंगाला फ्लुइड लागलं तर लगेच पाण्याने धुवा. कॅलिपरच्या पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा. त्या अडकल्या की ब्रेक सोडल्यावरही पॅड घासत राहतो आणि तापतो. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते, ती मोजून घ्या. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा.

प्रश्न: फॉग लाइट बसवल्यापासून दोन बॅटऱ्या गेल्या. बॅटरी कंपनी बदलू का? (वाचक, सिन्नर)

उत्तर: आधी मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या वर हवं. इंजिन ४,००० आरपीएमच्या आसपास असताना, सगळे दिवे लावून, १३.८ ते १४.५. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा भाग) बॅटरी उकळतोय. तेराच्या वर चढतच नसेल तर स्टेटरचा (इंजिनातल्या वीज तयार करणाऱ्या कॉइलचा) कपलर, म्हणजे तारांचा जोड, शोधा, बहुतेक गाड्यांत तीन पिवळ्या तारा असतात. प्लास्टिक तपकिरी किंवा वितळलेलं दिसलं तर दोष तिथेच, तारा नीट सोल्डर करून घ्या. नसेल तर कपलर सोडवून, इंजिन चालू असताना, तीन जोड्यांत एसी व्होल्ट मोजा: तिन्ही सारखे आणि रेसबरोबर वाढणारे हवेत. इंजिन बंद करून कुठलीही तार बॉडीला जोडलेली दाखवत असेल तर स्टेटर जळला. फॉग लाइट रिले आणि स्वतंत्र फ्यूजवर, आणि ते इग्निशन बंद झालं की बंद व्हायला हवेत.

गाडी वरच्या पत्रांतल्यासारखी जुनी क्लासिक ३५० असेल तर अर्धमेल्या बॅटरीवर पुन्हा पुन्हा बटण मारू नका. इंजिन उलटा झटका देतं आणि स्प्रॅग क्लच (सेल्फ स्टार्टरचा एकाच दिशेने पकडणारा क्लच) तुटतो. किक आहे, ती वापरा.

प्रश्न: ९०,००० किमी. हँडल सरळ असताना खाच असल्यासारखं अडकतं, हायवेला गाडी डुलते. (वाचक, चांदवड)

उत्तर: कोन सेट, म्हणजे हँडलच्या दांड्याचं बेअरिंग. गोळ्यांनी वाट्यांत खड्डे पाडले आहेत, आणि सरळ रेषेतच जास्त चालल्याने खड्डेही तिथेच. घट्ट करून उपाय होत नाही, वरच्या-खालच्या दोन्ही वाट्या बदला. मेन स्टँडवर पुढचं चाक अधांतरी ठेवून हलकं ढकललं तर हँडल स्वतःच्या वजनाने दोन्ही बाजूंना पडलं पाहिजे, आणि फोर्क पुढे-मागे ओढल्यावर खडखड नको. या दोन्हींच्या मधलं माप म्हणजे बरोबर. ५०० किमीने पुन्हा तपासा, नव्या वाट्या बसतात. त्याच वेळी चाकांचे बेअरिंग बघा. त्याच्यावरच नंबर कोरलेला असतो, उदाहरणार्थ ६२०२ म्हणजे आतून १५, बाहेरून ३५ आणि जाडीला ११ मिमी. दोन्ही बाजूंना रबर सील असलेले, २आरएस लिहिलेले घ्या.

प्रश्न: नाशिकहून स्पितीला जायचं आहे, गाडी १,१०,००० किमी. निघण्याच्या आदल्या दिवशी पूर्ण सर्व्हिसिंग करून कोणते सुटे भाग सोबत घेऊ? (वाचक, गंगापूर रोड)

उत्तर: आदल्या दिवशी नको. पंधरा दिवस आधी करा आणि मधे किमान ५०० किमी चालवा. राहिलेला बोल्ट, चुकीचा ढील, गळणारं गॅस्केट त्र्यंबक-भंडारदऱ्याच्या फेरीत उघडं पडू द्या. सुट्या भागांचं उलट करा: नवी क्लच केबल गाडीला बसवा आणि चालू असलेली जुनी सोबत घ्या, कारण ती बसते हे सिद्ध झालेलं आहे. नव्या पाकिटातली केबल दोन इंच आखूड असल्याचं स्पितीत काझाला कळून उपयोग नाही. हेच अॅक्सिलरेटर केबल आणि प्लगचं. याशिवाय दोन्ही लिव्हर, फ्यूज, चेन लॉक, दोन्ही मापांच्या ट्यूब, ५०० मिलि तेच इंजिन ऑइल, तार आणि इन्सुलेशन टेप. कार्बोरेटरची गाडी उंचावर पेट्रोल जास्त ओढते, काळा धूर आणि ढिला पिकअप दिसेल. तिथे जेट (कार्बोरेटरमधला पेट्रोलचं माप ठरवणारा भाग) बदलायच्या भानगडीत पडू नका, फिल्टर स्वच्छ ठेवा आणि खाली उतरल्यावर प्लग साफ करा.